नारळपाण्याचा एक थेंब

दोन हजार बावीस सालची ही गोष्ट आहे, मित्रांनो. त्या सालच्या संक्रांतीला मी आदिलाबादला आलो, तेव्हा मी नवाकोरा होतो. आज मी एक जुना बिनतारी अडॅप्टर आहे. शहराबाहेरच्या, कापसातली सरकी काढणाऱ्या एका जिनिंगच्या कचेरीत, काचेच्या झाकणाखाली पडून असतो.

अंगाने मी काडेपेटीएवढा. वॉकीटॉकीच्या कुशीला दोन भोके असतात, त्यांत माझ्या दोन खुंट्या बसतात. मी बसलो की कानात घालायच्या यंत्राला आणि बोटातल्या बटणाला वायर लागत नाही. इकडचा शब्द तिकडे आणि तिकडचा इकडे मी हवेतून पोचवतो. माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते मला सांगता येणार नाही. मला नाव मिळाले ते आशाबाईंच्या तोंडून. त्या मला ‘डबी’ म्हणत आणि कानातल्या यंत्राला ‘बोंड’.

आशाबाई जिनिंगच्या आवारात मुकादम होत्या. शेतकऱ्यांच्या ट्रॉल्या तिथे रिकाम्या होत आणि कापसाची घराएवढी उंच गंजी लागे. गंजीवर सात बाया उभ्या राहून कापूस यंत्राकडे लोटत. कोणती ट्रॉली कुठे लावायची, यंत्राला कापूस कधी सोडायचा, कधी थांबवायचा, हे आशाबाई बघत. बावीस हंगाम यंत्राजवळ काढल्याने त्यांचा डावा कान मंदावला होता. आवारातल्या गोंगाटात हाकेचा उपयोग नव्हता, म्हणून कमरेला वॉकीटॉकी असे.

माझ्याआधी त्या वॉकीटॉकीला वायरीचा माईक होता. एके दिवशी ती वायर ट्रॉलीच्या फाळक्यात अडकली. ट्रॉली पुढे निघाली आणि बाई चार पावले फरफटत गेल्या. मान आठ दिवस आखडून होती. तेव्हापासून मुनीम उद्धवराव म्हणू लागले, की आता बाईंचे वय झाले, त्यांना सरकी झाडायला बसवा आणि आवारात दुसरी मुकादम आणा. सरकी झाडायला बसणे म्हणजे आशाबाईंच्या लेखी घरी बसण्यासारखेच होते. आवारातल्या प्रत्येक बाईला त्यांनी स्वतःच्या हाताने काम शिकवले होते.

मला आणायचे सुचवले रंजीताने. तिचे बसस्टँडमागे वॉकीटॉकी दुरुस्तीचे लहानसे दुकान आहे. दोन-तीन जिनिंगांची कामे तिच्याकडे असतात. तिने मला कचेरीतल्या कडाप्प्यावर ठेवले आणि आशाबाईंना समोर बसवून सगळे त्यांच्याच हातून करून घेतले. आधी वॉकीटॉकी बंद. मग मला सरळ आत दाबायचे, वाकडे नाही, आणि माझा स्क्रू बोटांनीच आवळायचा. वॉकीटॉकी सुरू करताना आवाज अगदी कमी. माझे बटण दाबून धरले की माझा दिवा लाल-निळा मिचकतो. बोंडाचेही तसेच करायचे. दोघांची ओळख पटली की दिवा निळा होऊन शांत राहतो. बाईंना ही ओळख पटणे फार आवडले. “सोयरीक जमली म्हना की,” त्या म्हणाल्या.

बोंड कोणत्या कानात घालायचे, यावर दोघींचा थोडा वाद झाला. बाईंना चांगला कान हवा होता. रंजीता म्हणाली, “नाही काकू. चांगला कान ट्रॅक्टरसाठी मोकळा ठेवा. मंद कानाले हे अगदी जवळून बोलते, त्याले हळूच पुरते.” मग आवाज जिथे स्पष्ट झाला, तिथे तिने वॉकीटॉकीच्या आवाजाच्या चकतीवर पांढऱ्या रंगाचा ठिपका दिला. त्याच्या पुढे आवाज न्यायचा नाही, नाहीतर उरलासुरला कानही जाईल. बटण दाबले की एक श्वास थांबायचे, मग बोलायचे. आणि चार्जिंग फक्त कचेरीतल्या कडाप्प्यावर, समोर माणूस असताना. कापसाजवळ कधीच नाही.

जाताना तिने शेवटचे सांगितले. “दर ट्रॉलीमागं यंत्रावरच्या चंपतराव मिस्त्रीले विचारत जा, आवाज येते का म्हनून. उत्तर नाही आलं, संशय वाटला, तर आंधी ही डबी काढून बाजूला ठेवा. हिच्याबिना वॉकीटॉकी मुका नाही होत.”

खरे सांगतो, मला ते वाक्य लागले. मी नवा, ऐटीत असलेला, आणि माझ्या पहिल्याच दिवशी मला काढायची भाषा. पण तो हंगाम फार सुखाचा गेला. दिवसातून वीस वेळा आशाबाई विचारत, “चंपतरावदादा, आवाज येते का?” आणि यंत्राच्या माचीवरून मिस्त्री म्हणत, “येते, बाई.” ते दोन शब्द मी इकडून तिकडे नेत असे. वायर कशात अडकायची भीती नव्हती, दोन्ही हात मोकळे होते. बाईंनी जुन्या लुगड्याची एक पिशवी शिवून मला आणि वॉकीटॉकीला कमरेला बांधले. तिथे मऊ, उबदार होते. संध्याकाळी त्या मला कोरड्या फडक्याने पुसत. तुम्हांला कोणी रोज असे पुसले, मित्रांनो, तर तुम्हीही जीव लावाल.

पावसाळा मी कपाटात काढला. मग दसरा आला.

खंडेनवमीला जिनिंगमध्ये पूजा असते. वजने, पाने-पकडी, हातोडे, पट्ट्याचे चाक, सगळे धुऊनपुसून मांडतात. त्या वर्षी वॉकीटॉकीसह मलाही पाटावर बसवले. रंजीता सणाला तामसीकडच्या आपल्या गावी गेली होती. उद्धवराव सोवळ्याने पूजेला बसले. बोलायला ते तिखट असले तरी देवाधर्माचे मनापासून करणारे. हळदकुंकू झाले, झेंडू वाहिला, नारळ फुटला. आंब्याच्या पानाने नारळाचे पाणी त्यांनी सगळ्यांवर शिंपडले. मी नवा म्हणून माझ्यावर ओंजळीतले थोडे जास्तच सोडले.

मला कोणी वाईट म्हणून नाही, देव म्हणून भिजवले होते. माझा ऊर भरून आला. आशाबाईंनी मला पदराने पुसलेही. पण एक थेंब माझ्या खुंट्यांच्या मुळाशी उतरला होता, तिथे पदर पोचत नाही. दुसऱ्या दिवशी त्या गोडव्याला मुंग्या आल्या.

हंगाम सुरू झाला आणि माझ्या पोटात दोन खुंट्यांमध्ये नको ती वाट तयार झाली. कोणी बटण दाबले नसतानाही मी आपणहून आसपासचे बोलणे हवेत सोडू लागलो. एकाचे बोलणे सुरू असले की बाकीचे वॉकीटॉकी फक्त ऐकतात, त्यांना मध्ये बोलता येत नाही. मला हे कळत होते, पण थांबता येत नव्हते.

पहिल्या वेळी हसूच झाले. गंजीवरची सोजरबाई म्हणजे तोंडाळ बाई. चहा पिता पिता ती म्हणाली, “आपले मुनीमजी चहा देते चमच्यानं, अन् बोलनं देते पोत्यानं.” ते वाक्य मी जसेच्या तसे कचेरीत पोचवले. उद्धवरावांच्या हातात तेव्हा चहाच होता.

ते आवारात आले. सोजरबाईला काही बोलले नाहीत, बोलले ते आशाबाईंना. “बटन दाबून बसता, अन् गप्पा मारून राह्यल्या. आनखी एक डाव असं झालं, तर आवारात दुसरी मुकादम येईन. तुमी सरकी झाडा.”

आशाबाई आपल्या बोटाकडे बघत राहिल्या. त्यांनाच वाटू लागले, की बोट चुकले असावे. बोट चुकले म्हटल्यावर रंजीताला बोलवायचे कोणाला सुचणार? त्या दिवसापासून त्यांनी बोटातले बटण दोन बोटांच्या चिमटीत, निखारा धरावा तसे धरले.

चौथ्या दिवशी दुपारी अकरावी ट्रॉली रिकामी झाली. आशाबाईंनी नेमाने विचारले, “चंपतरावदादा, आवाज येते का?”

उत्तर आले नाही. कारण मी पुन्हा अडकलो होतो आणि वाट अडवून बसलो होतो. माझ्यामुळे वॉकीटॉकी सारखा आवाज फेकत होता आणि तापत चालला होता. बाईंनी परत विचारले. काही नाही. मग त्यांनी कमरेला हात लावला, तो चटका बसला. पिशवी उघडून पाहिले. वॉकीटॉकीचा लाल दिवा जळत होता आणि त्यांचे बोट बटणावर नव्हते.

बाईंनी मान वळवून पाहिले. उद्धवराव कचेरीच्या दारात उभे होते. त्यांच्यासमोर ही डबी उघडून बसणे म्हणजे ‘हिला जमत नाही’ असे आपणच दाखवून देणे. तशीच पिशवी बांधून, काही न झाल्यासारखे पुढची ट्रॉली लावता आली असती. पण त्यांना रंजीताचे शेवटचे वाक्य आठवले. त्यांनी वॉकीटॉकी बंद केला, माझा स्क्रू सैल केला, मला सरळ ओढून काढले आणि वॉकीटॉकी पुन्हा सुरू केला.

त्याबरोबर चंपतरावांचा आवाज बाहेर फुटला. “बाई, बायाईले उतरवा. गंजीच्या पाठच्या अंगानं धूर हाय.”

मिस्त्री पट्टा बघायला माचीवर चढले होते, तिथून त्यांना दिसले होते. कुठल्याशा ट्रॅक्टरच्या धुराड्यातून ठिणगी उडून गंजीच्या मागच्या बाजूला पडली होती. समोरच्या बायांना ते दिसणे शक्य नव्हते. मिस्त्री केव्हाचे हाका मारत होते. यंत्र थांबवून आता ते शिडीने उतरत होते.

आशाबाईंनी वॉकीटॉकीचे स्वतःचे बटण दाबले, एक श्वास थांबल्या आणि म्हणाल्या, “आयकलं. उतरवते.” मग हाताने खुणा करत गंजीकडे धावल्या. सातही बाया घसरत खाली आल्या. शेवटची सोजरबाई जमिनीला लागली, तेव्हा गंजीच्या माथ्यावर, त्या उभ्या होत्या तिथेच, पहिली ज्वाळा दिसली. पाणी, वाळू, माती, लाल नळकांड्यातून सोडलेला फेस, सगळे झाले. दोन ट्रॉल्यांचा कापूस आणि सोजरबाईची एक चप्पल, एवढेच जळाले.

मी पिशवीत पडून सगळे ऐकत होतो. माझ्या आयुष्यातले सगळ्यात उपयोगाचे काम मी केले ते बाजूला निघून, हे मला तिथे कळले.

आग विझल्यावर उद्धवराव म्हणाले, की आशाबाईंच्याच वॉकीटॉकीने सगळ्यांची वाट अडवली होती, आणि हे दुसऱ्यांदा झाले. त्यांचेही खोटे नव्हते. आशाबाईंच्या चेहऱ्यावर राख होती. त्यांनी मला तळहातावर घेऊन पुढे केले.

“मुनीमजी, माह्यं बोट चुकलं असंन तर उद्यापासून मी येत नाही. पन आंधी हे डबी उघडून पाहा.”

रंजीताला फोन गेला. ती तासाभरात आली. तिने कडाप्प्यावर पांढरा कागद पसरला, मला उघडले आणि उलटे करून हलकेच ठोकले. कागदावर तीन मुंग्या पडल्या. तिघी चालू लागल्या. माझ्या खुंट्यांच्या मुळाशी पिवळट खपली धरली होती. तिने विचारले, “याच्यावर गोड काय सांडलं होतं?”

आशाबाईंना ठाऊक होते. पण त्यांनी मुनीमजींचे नाव घेतले नाही. उद्धवरावांनी आपला उजवा तळहात उघडून पाहिला, जसे काही ते पाणी अजून तिथेच आहे.

“नारळाचं पानी,” ते हळू म्हणाले. “मीच सोडलं.”

मग मागून सोजरबाई म्हणाली, “या डावा मुनीमजी चमच्यानं बोलले.”

आधी चंपतराव हसले, मग बाया हसल्या. सगळ्यांत शेवटी उद्धवराव हसले. सरकी झाडायची गोष्ट पुन्हा कोणी काढली नाही.

रंजीताने मला ब्रशाने साफ केले, पण खुंट्या झिजल्या होत्या. माझ्या जागी माझ्यासारखाच दुसरा आला आणि आशाबाईंनी त्याला त्याच पिशवीत ठेवले. मला राग नाही आला. त्या पिशवीची ऊब मला ठाऊक आहे, आता ती त्याला मिळते.

पुढे आशाबाईंनी आणखी दोन हंगाम मुकादमी केली आणि आपल्या मनाने थांबल्या. आता त्या घरामागे वांगी-टमाटे लावतात, सोमवारी बाजारात बसतात, आणि भाजी मोजताना डावा कान पुढे करत नाहीत, चांगलाच करतात. त्यांच्या जागी सोजरबाई मुकादम झाली. तिची नवी चप्पल मुनीमजींनी आणून दिली, असे सांगतात. चंपतराव मिस्त्री गावी गेले. रंजीता आता उटनूरच्या बाजूला जंगल राखणाऱ्या पोरींना वॉकीटॉकी लावायला शिकवते. जाताना कधी मला बरोबर नेते, माझ्या खुंट्या दाखवते आणि मुंग्यांची गोष्ट सांगते. पोरी हसतात. मग आपापल्या वॉकीटॉकीची भोके कोरड्या फडक्याने पुसतात.

मित्रांनो, आम्हां वस्तूंना तुम्ही देव माना किंवा नका मानू, पण आमचे पोट कोरडे ठेवा. आम्हांला सरळ लावा, सरळ काढा. आणि आमच्याविषयी संशय आला तर लाजू नका, आम्हांला खुशाल बाजूला करा. त्यात आमचा अपमान होत नाही. माझा तरी झाला नाही.

अजून खंडेनवमीला माझ्यासमोर पूजा होते. उद्धवराव नारळ फोडतात तो अंगणात, आणि वॉकीटॉकींचा पाट तोवर आतल्या खोलीत ठेवतात. दसऱ्याच्या दिवशी तेलुगू मंडळी एकमेकांना जम्मीचे, म्हणजे शमीचे, पान देतात, आपल्याकडे आपट्याचे. त्या सकाळी उद्धवराव काचेचे झाकण उघडतात आणि माझ्या अंगावर आपट्याचे एक पान ठेवतात. ठेवण्याआधी ते पान धोतराच्या सोग्याने दोनदा पुसतात. मग दुसरे पान घेऊन आशाबाईंच्या घरी जातात.