घट्ट कालवलेलं औषध

आमचे हे रंगारी. आयुष्यात कधी रंगात मापानं पाणी घातलं असेल तर शपथ! "हात सांगतो किती घालायचं," असं म्हणायचे. तोच हात आमच्या मुळावर आला.

यांच्या शौचातून रक्त जायला लागलं, म्हणून डॉक्टरांनी आतड्याची दुर्बिणीनं तपासणी ठरवली. त्याआधी पोट साफ करायला पावडर दिली. सिस्टरनं बजावलं होतं, "जग खुणेपर्यंत पाण्यानं भरा, सावकाश प्या. पावडर ते पाणी आतड्यातच धरून ठेवते, त्यानंच सगळं धुऊन निघतं."

दुपारी मी जरा दुकानात जाऊन आले, तर जग रिकामा.

"झालं!" हे मिशीत हसत म्हणाले. "एवढं पाणी कोण ढोसणार? अर्ध्यातच घट्ट कालवलं. पातळ रंगाला दोन हात लागतात, घट्टाला एकच."

मलाही हसू आलं. मग यांच्या संडासाच्या खेपा सुरू झाल्या त्या थांबेचनात. शेवटी पाहते तर दाराशीच भिंत धरून बसलेले, ओठ पांढरेफटक.

"अगं, बोटं सरळ होईनात. छातीत फडफडतंय."

कसाबसा दवाखान्यात फोन लावला.

"कमी पाण्यात?" सिस्टरचा आवाजच बदलला. "अहो, मग ते अंगातलं पाणी ओढतं, क्षारही जातात. रक्तदाबाची, लघवी होणारी गोळी घेतलीय का आज?"

"सकाळीच."

"लगेच घेऊन या. हृदयाचे ठोके बिघडतात, मूत्रपिंडालाही धोका असतो."

रोगापेक्षा इलाज भयंकर म्हणतात तसं झालं. गाडीत यांची नाडी धरून बसले होते. मध्येच ती हरवायची, की माझाही श्वास अडकायचा. तोंडानं मात्र शिव्यांचा पट्टा चालू. "मेल्या रंगाचं डोकं तुमचं! मला एकटीला टाकून जायचंय का?" थांबले असते तर हंबरडाच फुटला असता.

सलाईन लागलं, छातीला वायरी लागल्या. वाचले. पण तपासणी राहिली आणि रक्त काही थांबलं नव्हतं. डॉक्टर म्हणाले, "पुन्हा औषध घ्यावंच लागेल, या वेळी इथंच, आमच्या डोळ्यांसमोर."

ठरल्या दिवशी सिस्टरनं जग आणला. हे खुणेकडे टक लावून बघत होते. पहिला पेला हातात घेतला, तोंडापर्यंत नेला आणि पुन्हा खाली ठेवला. मी काहीच बोलले नाही.

यांनी माझा हात घट्ट धरला.

"गप्प नको बसू गं. शिव्या घाल. त्या दिवशी गाडीत मला तेवढंच ऐकू येत होतं."