गोधडीची वाट

मावशींनी बादली दारापाशी टेकवली, कडी खडखडवली आणि हाक मारली, "गोधडे, ए गोधडे!"

गोधडी आली नाही. आवाराच्या पार टोकाला टांगलेल्या ओंडक्याला मिठी मारून ती त्याच्या भोकात जीभ घालत होती. आत कुठेतरी मध होता. एकदा तिनं मान वळवली, नाक वर करून वास घेतला, आणि पुन्हा ओंडक्यात तोंड खुपसलं.

"बघितलंत मावशी? हाकेलासुद्धा आली नाही!" मागून कुणीतरी हरखून म्हणालं.

दुर्बीण होती. तिचं खरं नाव वेगळं, पण गळ्यात कायम दुर्बीण लटकलेली, म्हणून प्राणिसंग्रहालयातल्या राखणदारांनी पहिल्याच आठवड्यात तिचं हे बारसं करून टाकलं होतं. बंदिस्त प्राण्यांचा जीव कशात रमतो, याचा अभ्यास करायला ती विद्यापीठातून आली होती. आणि अस्वल हाकेला न येणं ही तिच्या लेखी आनंदाची बातमी होती.

"बघितलं," मावशी म्हणाल्या आणि बादली उचलता उचलता चांगली आपटली.

गोधडीला त्यांनी बाटलीनं दूध पाजून वाढवलं होतं. आणलं तेव्हा ते पिल्लू म्हणजे चुरगळून कोपऱ्यात फेकलेली गोधडीच वाटायचं. आता तिचा पंजा मावशींच्या तोंडाएवढा झाला होता, पण लळा तसाच. रोज सकाळी मावशी पिंजऱ्यांच्या गल्लीच्या तोंडाशी पोचायच्या आधीपासून ती जाळीच्या कडेनं येरझाऱ्या घालायला लागे. इकडून तिकडे, तिकडून इकडे. चालून चालून तिथलं गवत गेलं होतं, माती दाबून फरशीसारखी झाली होती. आल्यागेल्याला मावशी ते मुद्दाम दाखवत.

"बघा, माझी वाट बघून बघून ही वाट पडलीय."

घरी नवरा चिडवायचा, "आमची कुणी एवढी वाट बघितली असती, तर आम्हीही वेळेवर घरी आलो असतो."

दुर्बिणीनं आल्या आल्या सगळी घडीच मोडली. खाणं ठरल्या वेळी द्यायचं नाही. एका जागी ठेवायचं नाही. आज पेंढ्यात पुरायचं, उद्या ओंडक्यात, परवा उंच फांदीवर. कधी मावशींनी ठेवायचं, कधी दुसऱ्या कुणी. आणि शक्यतो हाक मारायची नाही. महिना सरला नाही तोच जाळीकडची येरझार थांबली. गोधडी दिवसभर उकरत, हुंगत, चढत राहायची. वाटेवर हिरवी पाती डोकावली. ती बघून दुर्बीण गुडघ्यावर बसून फोटो काढत सुटली, आणि मावशींच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"सवत आणून बसवलीय माझ्या उरावर," त्या रात्रीच्या जेवणाला त्या म्हणाल्या.

"सवत आणायचा मान माझा होता," नवरा म्हणाला. "तोही अस्वलानं पटकावला म्हणायचा."

मावशी हसल्या नाहीत. ताटातला घास त्यांनी नुसता चिवडला.

दुसऱ्या दिवसापासून त्यांच्या ओच्यात खजूर असायचा. पाण्याच्या टाकीमागे एक कोपरा होता, तिथं दुर्बिणीनं लावलेल्या कॅमेऱ्याचा डोळा पोचत नव्हता. सकाळी कामावर आल्या आल्या मावशी तिथं उभ्या राहत आणि जाळीतून तळहात पुढे करत. गोधडीचे ओठ मऊ, ओलसर. दूधबाटलीच्या दिवसांपासून तसेच. "माझी ती माझीच," मावशी पुटपुटत.

थोड्याच दिवसांत गोधडी पुन्हा चालायला लागली. इकडून तिकडे, तिकडून इकडे. नवी हिरवी पाती चिखलात गेली.

दुर्बिणीचा चेहरा उतरला. तिनं ओंडके बदलले, वेळा बदलल्या, मध बदलला. काही केल्या हिशेब लागेना. मावशींनी त्या दिवशी स्वतःहून तिला चहा करून दिला, वर साखरही जास्त घातली.

"प्रेक्षक काही टाकतात का हो?" दुर्बिणीनं विचारलं.

"टाकत असतील. माणसांचा काय भरवसा!"

मग 'प्राण्यांना खाऊ घालू नये' असा मोठा फलक आला. तो ठोकायचं काम मावशींवर आलं. त्यांनी तो मन लावून ठोकला.

आठवडाभरानं दुर्बिणीनं त्यांना आपल्या खोलीत बोलावलं. टेबलावर लॅपटॉप उघडा होता.

"मावशी, तिला तुमच्याएवढं कुणी ओळखत नाही. हे बघा आणि मला सांगा, माझं काय चुकतंय?"

पडद्यावर गोधडीचं आवार होतं. नुकतं उजाडलेलं. गोधडी जाळीशी चालत होती. दुर्बिणीनं चित्र भरभर पुढे पळवलं. सावल्या आखडल्या, ऊन आत शिरलं, झाडलोट करणारा येऊन गेला. गोधडी चालतच होती. त्याच जागी वळायची, वळताना दर वेळी तसंच डोकं झटकायची. तिच्याजवळच पेंढ्यात सफरचंदं पुरलेली होती. त्यांच्याकडे ती ढुंकूनही बघत नव्हती.

"किती वेळ चालते ही?" मावशींनी विचारलं.

"तुम्ही येईपर्यंत."

पडद्यावर गोधडी एकाएकी थांबली. मान टाकीच्या दिशेनं वळली. आणि ती चित्रातून बाहेर गेली.

"तुमची चाहूल लागली की थांबते," दुर्बीण म्हणाली. मग लॅपटॉपकडेच बघत म्हणाली, "खरं सांगू? मला कधीकधी तुमचा हेवा वाटतो. मी एवढं करते, पण माझ्याकडे तिनं एकदाही असं वळून बघितलं नाही."

एरवी हे ऐकून मावशींच्या अंगावर मूठभर मांस चढलं असतं. पण त्यांना मागचं चित्र पुन्हा बघायचं होतं. दुर्बिणीनं दाखवलं. डोकं झटकणं, वळणं, डोकं झटकणं. मावशी रोज यायच्या त्या शेवटच्या क्षणाला. हे आधीचं त्यांनी कधी बघितलंच नव्हतं.

"तिच्या पायाला मी मलम लावत असते," त्या हळूच म्हणाल्या. "तळवे सोलवटतात. मला वाटायचं, जमीन टणक म्हणून."

दुर्बिणीनं लॅपटॉप मिटला.

मावशींनी ओच्याला हात लावला. त्या बाहेर गेल्या, खजूर माकडांच्या खुराकाच्या टोपलीत रिकामा केला आणि परत आल्या. दारातच उभं राहून म्हणाल्या, "मॅडम, मला पाणपक्ष्यांकडे बदली द्या. तुम्ही वर सांगितलंत तर होईल."

"का हो? रागावलात?"

"गुडघे दुखतात. तिकडे चढ नाही."

दुर्बीण त्यांच्याकडे बघत राहिली. टाकीमागचा कोपरा तिला कळला की नाही, तिच्या तोंडावरून काही सांगता येत नव्हतं.

"मग गोधडीकडे कुणाला द्यायचं?" तिनं विचारलं. "तुम्हीच सुचवा. ती पोरगी आहे ना नवीन, हरणांकडची? जीव लावते प्राण्यांना. येताजाता गोधडीशी गप्पा मारत असते."

"ती नको," मावशी पटकन म्हणाल्या.

"मग?"

"पाणघोड्यांकडे आहे ना, दगडोबा. त्याला द्या."

"तो? तो तर माणसांशीसुद्धा बोलत नाही."

"काम चोख करतो. खाणं ठेवतो, साफसफाई करतो, निघून जातो. हाक नाही की थाप नाही. एवढी वर्षं झाली, एकाही जनावराला त्याचा लळा नाही लागला."

दुर्बिणीचे डोळे हळूहळू चमकले. "म्हणजे ती कुणाचीच वाट बघणार नाही! अगदी बरोबर, मावशी. किती विचार केलात हो तिचा!"

मावशींनी पदर खोचला.

"केला खरा," त्या म्हणाल्या, आणि तिच्या डोळ्याला डोळा न देता बाहेर पडल्या.