तिसऱ्या वळणावरचा थांबा

गाडीत किती वजन चढलंय ते मला पायाला कळतं. यात चमत्कार काही नाही. ईट गावाच्या आसपासच्या सात वस्त्यांवरचं दूध मी सहा वर्षं पिकअपमधून डेअरीवर पोचवते. मागं किती कॅन आहेत हे वळून बघावं लागत नाही, पहिल्या ब्रेकलाच समजतं. आमचे वडील, रामहरी, चारचौघांत सांगतात, "आमची करिश्मा पायानं मोजती." लोक हसतात, मी चिडते. पण ते खरं आहे.

या पायावरच रुद्रेश सरांनी मला हेरलं. सर मूळचे मुरुमचे. तरुणपणी दक्षिणेत मोटारींच्या शर्यती मारून आलेले, आता नवशिक्यांना शिकवतात. ईटच्या पुढं माळावर एका कंपनीनं कारखान्यासाठी जमीन घेतली होती. कुंपण झालं, आतले डांबरी रस्ते झाले, कारखाना काही आला नाही. ते रस्ते गोलात जोडून सरांच्या क्लबनं दोन किलोमीटरचा ट्रॅक केला होता. दर शनिवारी आम्ही पाच-सहा जण जमायचो. सर आधी सगळ्यांना ट्रॅकवरनं पायी फिरवायचे. कुठं खडी सुटलीय, कुठं डांबर दबलंय, ते डोक्यात ठेवायचं. मग हेल्मेट, मग पट्टे आणि मग रोजचाच धडा: ब्रेक सरळ रेषेत असतानाच दाबायचा, वळताना नजर वळणाच्या पलीकडं ठेवायची आणि ॲक्सिलरेटरवरचा पाय एकदम काढायचा नाही. या शेवटच्यावरून मी दोन महिने बोलणी खाल्ली.

कोइम्बतूरला नवशिक्यांची शर्यत होती आणि क्लबच्या गाडीत जागा एकच. सलग तीन फेऱ्या, प्रत्येक दीड मिनिटाच्या आत, जो मारेल त्याची ती जागा. कळंबच्या रणधीरच्या दोन झाल्या, तिसरी हुकली. मला जमलं नाही तर जागा त्यालाच जाणार होती. मागच्या वर्षी मी पाऊण सेकंदानं राहिले होते आणि तो पाऊण सेकंद वर्षभर मला सलत होता. दूध, घर, रान, हे सगळं मी घरच्यांसाठी करते, करायचंच असतं. ही एक गोष्ट तेवढी माझी होती. मला ती हवी होती, आणि हवी म्हणायला मला अजिबात लाज वाटत नाही. त्यात तो शेवटचा शनिवार. जमीन दुसऱ्या कुणी घेतली होती, सोमवारपासून फाटकाला कुलूप लागणार होतं.

भर दुपारी दोन वाजता माझी पाळी आली. गाडी म्हणजे जुनीच, मागच्या सीट काढलेल्या, आत लोखंडी नळ्यांचा पिंजरा. पहिली फेरी टायर तापवायला सावकाश मारायची असते. तिसऱ्या वळणावर एक म्हातारा उभा होता. धोतर, पटका, काखेत पिशवी, आणि हात वर केलेला.

आमच्याकडं म्हातारं माणूस रस्त्यात हात करून उभं असलं की गाडी थांबते. विचार करावा लागत नाही. मी थांबले, वाकून डावं दार उघडलं. बाहेर कुणीच नव्हतं. नुसता माळ आणि ऊन. म्हातारा कंटाळून झुडपाआड गेला असेल, असं म्हणत मी दार लावून घेतलं. तेवढ्यात गाडी डावीकडं दबली. पासष्ट किलो, फार तर सत्तर.

मी ते वजन घेऊनच परत आले. सर खिडकीशी आले.

"तिसऱ्या वळणावर का थांबलीस?"

"म्हातारा उभा होता, सर."

सरांनी तिकडं बघितलं. "कुणी नाही तिथं. भीती वाटत असेल तर सांग, त्यात कमीपणा नाही."

भीती! मला असा राग आला की पाणी प्यायला फाटकाजवळ सिताबाईकडं गेले. सिताबाई तिथं चहा विकायची. माझं ऐकून तिनं स्टोव्हची हवा कमी केली.

"तितं आमच्या वस्तीचा थांबा व्हता," ती म्हणाली. "एष्टी यायची. कुंपण पडलं, रस्ता मोडला, एष्टी बंद झाली. पोरं पुण्याला गेली. म्हातारी मान्सं ऱ्हायली व्हती थोडी. रोज पिशव्या घिऊन थांब्यावर जाऊन बसायची, आज यील एष्टी म्हनून. ती बी गेली."

"कुठं गेली?"

"गेली म्हंजी गेली, पोरी."

दुसरी कुणी असती तर घरी गेली असती. मी मात्र गाडीत बसले, कारण जागा मला हवी होती. शेजारची सीट रिकामी दिसत होती आणि गाडी डावीकडं दबलेलीच होती. मी भरलेले कॅन असल्यासारखी चालवली, ब्रेक लवकर, हलक्या पायानं. पहिली फेरी एक मिनिट अठ्ठावीस. दुसरी एकोणतीस. तिसरीला सरळ रस्त्यावर आले तेव्हा डाव्या कानाशी आवाज आला. हेल्मेटमध्ये इंजिनशिवाय काही ऐकू येत नाही, पण हा आवाज स्वच्छ होता.

"पोरी, हितनं आपुन मगाशीच गेलो न्हाय का?"

रागावलेला नव्हता तो. उगीच त्रास देतोय की काय, अशा संकोचानं विचारत होता.  ट्रॅकला पुढं नसतंच काही, जिथनं निघालो तिथंच यायचं. आणि त्याला पुढं जायचं होतं.

"आलंच, बाबा," मी म्हणाले.

"बरं बरं," तो म्हणाला. त्याचा विश्वास बसला होता.

मला स्वतःची इतकी शरम कधी वाटली नव्हती. अर्धीच फेरी उरली होती. मी फेरी तिथंच सोडून गाडी फाटकाकडं वळवली आणि बाहेर काढली. सर ओरडत मागं धावले. किलोमीटरभरावर मोठा रस्ता लागतो, तिथं फाट्यावर लिंबाखाली थांबून मी डावं दार उघडलं. गाडी डाव्या बाजूनं हळूच वर आली. तेवढंच.

परत आल्यावर सरांनी मला जे सुनावलं ते लिहीत नाही. रणधीर मान खाली घालून बूट झटकत होता, हसत असणार. पण सर चिडले तरी न्यायाचे. "चारला टेम्पो येतोय गाडी न्यायला," ते म्हणाले. "तीन वाजलेत. एकदाच अजून. आणि गाडी फाटकाबाहेर गेली तर मला तोंड दाखवू नकोस."

मी निघाले. गाडी मोकळी, हलकी, हवी तिथं वळणारी. तिसरं वळण आलं आणि माझ्या तोंडचं पाणी पळालं.

वस्तीवर एकाला गाडीत घेतलं की दुसऱ्या दिवशी पाच जण उभे राहतात, हे मला दुधाच्या गाडीनं शिकवलं होतं. इथं अठरा होते. नऊवारीतल्या बायका, डोक्यावर गाठोडी. छत्री धरलेला एक जण. दोघी एकमेकींच्या आधारानं उभ्या. अठरा हात वर होते.

मी पाय काढला नाही. नजर वळणाच्या पलीकडं ठेवली, शिकवलं तशी. निघून गेल्यावर आरशात बघितलं. माझ्या गाडीची सगळी धूळ त्यांच्या तोंडावर गेली होती, आणि एकानंही डोळे मिटले नव्हते. घड्याळात एक मिनिट पंचवीस! मी हेल्मेटमध्ये ओरडले. आनंदानं ओरडले, आणि ओरडता ओरडता पुन्हा आरशात बघितलं.

दुसऱ्या फेरीला ते होतेच. पण हात खाली होते. सगळे रस्त्यापासून दोन पावलं मागं, खडीत सरकून उभे होते, मला अडचण नको म्हणून. एक म्हातारी पुढं आलेल्या दुसरीचा पदर धरून तिला मागं ओढत होती. एक मिनिट चोवीस.

त्यांनी हात केला असता ना, तर मी तिसऱ्यांदाही निघून गेले असते. रागानं गेले असते. माझा काय संबंध, म्हटलं असतं. पण हात केला नव्हता कुणी. सरळ रस्ता संपेपर्यंत मी स्वतःला समजावलं, की कोइम्बतूरहून आल्यावर बघू. आणि मला पक्कं ठाऊक होतं की सोमवारी कुलूप लागलं की या माळावर पुन्हा कुठलीही गाडी येणार नाही. हे असेच उभे राहणार, खडीत, मागं सरकून.

तिसऱ्या वळणावर मी ब्रेक दाबला. सरळ रेषेत, हलक्या पायानं. गाडी त्यांच्यासमोर थांबली आणि घड्याळ पुढं पळत राहिलं. एक मिनिट दहा. वीस. तीस. गेली जागा.

मी डावं दार उघडलं. "एकेक जण या," म्हणाले. "सगळ्यांना नेते. फाट्यापर्यंत."

बराच वेळ कुणी पुढं आलं नाही. त्यांच्यात काहीतरी कुजबुज चालली होती. मी हेल्मेट काढलं, कारण मला रडू आवरेना. त्यांच्यासाठी नव्हे. माझ्या जागेसाठी रडत होते मी, हुंदके देऊन, लहान पोरीसारखी. शेवटी ती पदर ओढणारी म्हातारी गाठोडं छातीशी धरून आली, दारात वाकली आणि माझ्याकडं बघत राहिली. मग अंग चोरून सीटच्या अगदी कडेला बसली.

"रडू नगं गं पोरी," ती म्हणाली. "म्या लई जड न्हाय."