जास्तीची वायर

राउटरवरचा दिवा लाल झाला, तेव्हा मुलीच्या मुलाखतीला जेमतेम अर्धा तास उरला होता. दोन वर्षं नोकरीवाचून घरी बसलेल्या पोरीला कुणीतरी इंटरनेटवरून का होईना, बोलवलं होतं आणि आजच हे व्हायचं होतं.

"बाबा, कंपनीचा माणूस बोलवू या का?"

"माझ्या घरात बाहेरचा माणूस हात लावणार? तू केस विंचर, जा."

सगळी कॉलनी बाबांना एक्स्चेंजकाका म्हणायची. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये उभी हयात गेली होती आणि तिथला ताठा अजून मानेत होता. मेण लावलेल्या दोऱ्याने वायरी आवळून उलटी गाठ मारण्यात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. साहेबमंडळीसुद्धा मुद्दाम बघायला यायची. घरातल्या वायरीही त्यांनी तशाच बांधल्या होत्या.

राउटर बंद करून चालू केला. दिवा आपला लालच. बाहेरून येणारी वायर ठणठणीत होती. मग त्यांनी राउटर उलटा केला, तर मागे एक वायर जास्तीची. ती कपाटामागून सरळ बाहेरच्या भिंतीत शिरत होती आणि त्या भिंतीपलीकडे खोली नव्हती, गॅलरी नव्हती, तीन मजले खाली रस्ता तेवढा होता.

हा आगाऊपणा कुणाचा, म्हणून त्यांनी चिडून बॅटरी मारली. वायर मेणाच्या दोऱ्याने आवळलेली होती, उलट्या गाठीने. मेण अजून मऊ होतं. ही वायर आपण कधी टाकली ते त्यांना काही केल्या आठवेना, पण गाठ इतकी देखणी होती, की भीती वाटायच्या आधी त्यांना अभिमानच वाटला. हात थरथरायला लागल्यापासून अशी गाठ त्यांना जमली नव्हती.

त्यांनी ती वायर राउटरमधून उपसली. दिवा हिरवा झाला.

"आलं, बाबा! तुम्ही म्हणजे ना!"

वायरीचं टोक हातात धरून ते भिंतीला टेकून बसले. बाहेरच्या खोलीत पोरगी न अडखळता उत्तरं देत होती, मधूनच हसतही होती. माझी पोर, या विचाराने त्यांचा ऊर भरून आला.

आणि पाठीमागे, भिंतीच्या आत, तिचाच आवाज रडवेला होऊन म्हणाला, "बाबा, ऐन वेळी नेट गेलं हो! आता मी काय करू?"

"घाबरू नकोस गं," एक ओळखीचा, ताठ आवाज म्हणाला. "बघतो मी."

हातातल्या वायरीला पलीकडून हलकेच ओढ बसली.