रिकामा हात

सुनीतीबाईंनी पिनेला नवी लाल फीत शिवली, दाताने दोरा तोडला आणि पिन पर्समध्ये चष्म्याच्या घराशेजारी ठेवली. जुनी फीत विटून गेली होती, आणि आज ती पाहुण्यांच्या नजरेत भरायला हवी होती. बाहेर मांडवात सनईची रेकॉर्ड चालू होती. विमानाच्या नाकाला कुणीतरी झेंडूचा हार घातला होता. लोणी काळभोरच्या त्या अभियांत्रिकी महाविद्यालयात कशालाही हार घालायची हौस दांडगी. मागे नवा जनरेटर आला तर त्यालाही घातला होता.

विमान लढाऊ, आता निवृत्त. त्याच्या बरोबरीची बहुतेक विमानं कापून भंगारात गेली. हेही जायचं होतं. पण शाळेतली नोकरी संपल्यावर सुनीतीबाई महाविद्यालयाचं छोटं संग्रहालय सांभाळू लागल्या, आणि शेपटीवर नेमका तोच क्रमांक असलेलं विमान मिळावं म्हणून त्यांनी दिल्लीपर्यंत चपला झिजवल्या. त्यांचे यजमान श्यामसुंदर याच विमानाचे तंत्रज्ञ होते आणि याच विमानात गेले, हे सगळ्यांना ठाऊक होतं. बाईंची निष्ठा मोठी, असं लोक म्हणत. बाई मान डोलवत. निष्ठा होतीच, कशावर, ते कुणी विचारलं नव्हतं.

लढाऊ विमानातलं वैमानिकाचं आसन म्हणजे दारू ठासलेली तोफ. संकटात गुडघ्यांमधला दांडा ओढला की आसन माणसासकट आकाशात उडतं. जमिनीवर ते उडू नये म्हणून एक पिन असते. विमान उतरलं की वैमानिकाने ती लावायची आणि रिकामा हात वर करून दाखवायचा. खाली उभ्या तंत्रज्ञाने तो पाहून अंगठा दाखवायचा, मगच शिडी लागायची. श्यामसुंदर घरातसुद्धा गॅस बंद केला की स्वयंपाकघराच्या दारात रिकामा हात वर करीत, आणि सुनीतीबाईंनी हसत अंगठा दाखवल्याशिवाय घराला कुलूप लावीत नसत.

असा माणूस निष्काळजी ठरला. त्या दिवशी वैमानिकाने रिकामा हात दाखवला, घाईघाईने उतरून गेला, आणि पट्टे आवरायला श्यामसुंदर आत वाकले. पट्टा दांड्यात अडकला आणि आसन उडालं. पिन नंतर विमानाखाली सापडली. मी लावली होती, त्यानेच काढली असणार, असं वैमानिकाने चौकशीत सांगितलं. मेलेला माणूस उलट बोलत नाही, ही फार मोठी सोय असते.

तो वैमानिक आज प्रमुख पाहुणा होता. निवृत्त ग्रुप कॅप्टन यज्ञेश्वर खासनीस. नाव सुनीतीबाईंनीच सुचवलं होतं.

खासनीस आले ते ताठ चालत, ब्लेझरवर पदकं लावून. भाषण चांगलं झालं. या विमानाने मला कधी दगा दिला नाही, असं ते म्हणाले. मग ओघात, काही साथीदार स्वतःच्या चुकीने गेले, त्याचं दुःख वाटतं, असंही म्हणाले. पहिल्या रांगेत बसलेल्या सुनीतीबाईंनी इतरांबरोबर टाळ्या वाजवल्या. तोवर मनात थोडी चलबिचल होती, ती त्या वाक्याने मिटली.

सत्कार विमानातच करायचा, ही कल्पनाही त्यांचीच. अवधूतने शिडी लावली. अवधूत इथला तरुण प्राध्यापक आणि त्यांचा शाळेतला विद्यार्थी. आसनातली दारू हवाई दलाने विमान देतानाच काढून घेतली होती. अवधूतने बाईंना आतली रिकामी नळी टॉर्च मारून दाखवली होती. त्यांनी ती दोनदा बघून घेतली होती.

खासनीस चढून आसनावर बसले. त्यांच्या मागोमाग बाई शाल घेऊन चढल्या आणि वरच्या पायरीवर उभं राहून त्यांनी पर्स उघडली.

"साहेब, पिन माझ्याकडे आहे."

खासनिसांनी लाल फितीकडे पाहिलं, मग गुडघ्यांमधल्या दांड्याकडे. मांडीवरचे दोन्ही हात त्यांनी हळूच उचलून छातीशी घेतले.

"दारू काढलेली असते. देतानाच काढतात."

"असेल. तुम्ही बघितलीत?"

"तुम्ही बघितली असेल ना?"

"मी कशाला बघू? विश्वास ठेवायचा. आमच्या ह्यांनी ठेवला होता."

खासनिसांना नियम तोंडपाठ होते. दारू भरलेलं आसन कुणी महाविद्यालयाला देत नाही, हे त्यांना कळत होतं. पण त्या आसनावर बसलेल्या शरीराला ते कळत नव्हतं. गुडघे त्यांनी दांड्यापासून लांब, दोन बाजूंना दाबून धरले. खालून फोटोग्राफर, सर जरा हसा, म्हणत होता.

"पिन द्या."

"देते. त्या दिवशी लावली होतीत?"

"सुनीतीबाई, लोक बघतायत."

"म्हणून तर हळू विचारतेय."

खासनिसांनी दांड्यावरची नजर हलवली नाही.

"नव्हती लावली," ते म्हणाले. "मेसमध्ये पार्टी होती. पिन खिशातच राहिली. आवाज ऐकून धावत आलो, तेव्हा..."

"तेव्हा खाली टाकलीत."

त्यांनी होकारार्थी मान हलवली.

हे ऐकलं की हलकं वाटेल, अशी इतकी वर्षं सुनीतीबाईंची समजूत होती. तसं काही झालं नाही. राग होता तिथेच होता; फक्त आता त्याला टेकायला पाट मिळाला. त्यांनी पिन खासनिसांच्या तळहातावर ठेवली, शाल त्यांच्या खांद्यांवर नीट बसवली आणि एकेक पायरी सांभाळत त्या खाली आल्या.

"अवधूत, शिडी काढ. फोटोत येते."

शिडी बाजूला झाली. कुणीतरी बाईंच्या हातात चहा दिला. वर खासनीस आसनाशी चाचपडत होते. बोटं जागा विसरली नव्हती. पिन बसली. मग त्यांनी उजवा हात वर केला, पंजा उघडा, रिकामा.

लोकांना वाटलं साहेब अभिवादन करतायत. मांडवात टाळ्या सुरू झाल्या. खासनीस मात्र लोकांकडे बघत नव्हते. ते सुनीतीबाईंच्या हाताकडे बघत होते.

अवधूतने शिडीला हात घातला.

"लावू का, बाई?"

सुनीतीबाईंनी कप दोन्ही हातांत धरला. अंगठे कपाच्या कडेवर घट्ट दाबले होते.

"थांब जरा," त्या म्हणाल्या. "मला अजून नीट दिसलं नाही."

आणि त्यांनी चहाचा घोट घेतला. वर हात तसाच होता.