नमुन्याचं घर

क्लाइव्ह ऑर्मरॉड हा इंग्लंडातल्या बोल्टनचा साधा गवंडी. त्याचा बिल्डर झाला आणि पुढे तो हेलिकॉप्टरमधून साइटवर उतरायला लागला, ते एका पलंगाच्या जिवावर. गिऱ्हाइकांना दाखवायच्या नमुन्याच्या घरात त्यानं मुद्दाम आखूड पलंग करून घेतला होता आणि आतली दारं, अगदी संडासाचंसुद्धा, काढून टाकली होती. खोल्या ऐसपैस दिसायच्या आणि माणसं तिथंच सह्या करून मोकळी व्हायची. राहायला गेल्यावर कुणी बोंब मारलीच, तर क्लाइव्ह हसून म्हणायचा, "खोली लहान नाही हो साहेब, तुमचं सामान मोठं आहे."

मग घरांचा बाजार बसला आणि कंपनी बुडाली. बँकेनं बंगला नेला, हेलिकॉप्टर नेलं. बायकोच्या, मॉरीनच्या नावावर होतं म्हणून नमुन्याचं घर तेवढं उरलं.

तिथल्या पहिल्याच सकाळी क्लाइव्ह उठला तो कंबर धरून. रात्रभर त्याचे पाय पलंगाबाहेर लोंबकळत होते.

"ही काय खोली आहे? नुसतं खुराडं!" तो करवादला.

"खोली लहान नाही हो साहेब," बिनदाराच्या संडासातून मॉरीन त्याच्याच सुरात म्हणाली, "तुमचे पाय लांब आहेत. आणि आता तोंड तिकडे कर."