बोळा आत, धागा बाहेर

डॉक्टर कारखानीस बाईंनी चपला बाहेर काढल्या, हिरवा झगा गुडघ्यापर्यंत खोचला आणि वाकून माझ्या डाव्या नाकपुडीत शिरल्या.

"दिवा धरायला कोणीतरी या," त्या आतून म्हणाल्या. नाक माझं, मग दुसऱ्याला कशाला त्रास, म्हणून मीच त्यांच्यामागून गेले. बाहेर खुर्चीवरही मी बसलेली होतेच. तिच्या हनुवटीखाली ताट धरून हे उभे होते. हे म्हणजे माझे यजमान, जगताप सर, हायस्कुलात खेळ शिकवतात.

घोळणा मला लहानपणापासूनच फुटतो. कांदा फोडून हुंगवला, टाळूवर गार पाणी थापलं की थांबायचा. या खेपेला नाकात वाढलेलं मांस बाई काढत होत्या आणि रक्त थांबेना. ते घशात उतरलं असतं तर खुर्चीवरची मी गुदमरणार होते, आणि तिच्याबरोबर आत असलेल्या आम्ही दोघीही.

आत म्हणजे एक अरुंद बोळ होता. भिंती चहात भिजलेल्या पावासारख्या फुगलेल्या. दोन्ही खांदे घासत होते. घोट्यापर्यंत रक्त होतं, कोमट. बाईंनी मात्र घाई म्हणून केली नाही. वाटीतल्या औषधात त्या कापसाची पट्टी बुडवायच्या, हलकी पिळायच्या आणि भिंतीला लावायच्या. औषध दिसायला नुसतं पाणी.

"हे काय करतं?" मी विचारलं.

"रक्तवाहिन्यांना मुठी आवळायला सांगतं."

"आणि आपण काय करायचं?"

"आपण थांबायचं."

त्या थांबल्या. मला त्यांचं फार कौतुक वाटलं. नुसतं उभं राहणं इतकं देखणं असतं हे मला ठाऊक नव्हतं. आमच्या घरात कुकरची वाफ जिरेपर्यंतही कोणाला धीर निघत नाही. इथे ही बाई भिंतीला तळवा लावून उभी होती आणि भिंत तिचं ऐकत होती. आधी गुलाबी झाली, मग पांढुरकी, मग आक्रसून मागे सरकली. बोळाची खोली झाली. पुढे तर पंगत बसेल एवढी ऐसपैस जागा झाली. रक्त तळपायांखाली ओसरलं.

"मान वर कर गं, म्हणजे लवकर थांबेल," बाहेरून ह्यांचा आवाज आला. आमच्या सासरी-माहेरी सगळ्यांची हीच समजूत. ह्यांनी मायेने माझी हनुवटी उचलली.

सगळी खोली मागे कलली. वाटी माझ्या अंगावर सांडली. भिंतीवरच्या पट्ट्या सुटून घशाच्या अंधारात घरंगळत गेल्या, आणि रक्तही तिकडेच वळलं.

"मान खाली! मान!" मी ओरडले. पण माझ्या उजव्या नाकपुडीत आधीच बोळा होता, डावीत आम्ही दोघी, आणि नाक असं चोंदलं की म चा ब होतो, न चा द.

"बाद?" हे बाहेर म्हणाले. "कोण बाद झालं?"

"सर," बाई शांतपणे म्हणाल्या, "बायकोची मान खाली करा."

ह्यांनी चांगल्या विद्यार्थ्यासारखं ऐकलं. जमीन पुन्हा सपाट झाली. पण वाटी रिकामी होती, पट्टी एकही उरली नव्हती, आणि कोपऱ्यात एक झरा अजून वाहत होता. औषध होतं ते फक्त माझ्या चिंब भिजलेल्या पदरात.

बाईंनी माझ्या पदराकडे पाहिलं. मीच जाऊन झऱ्याला पाठ टेकली.

त्यांनी माझ्या मनगटाला धागा बांधला आणि दुसरं टोक नाकपुडीतून बाहेर सोडलं. "बोळा आत, धागा बाहेर," त्या म्हणाल्या. "नाहीतर आत राहून जातो."

"कोण?"

"बोळा."

मग दोन्ही तळव्यांनी त्यांनी मला भिंतीशी दाबून धरलं. ना जास्त, ना कमी. माझ्या पाठीमागे रक्ताने एकदा धडक मारली, दोनदा मारली आणि ते गप्प झालं. इतक्या कसबाने मला आजवर कोणी कामाला लावलं नव्हतं. मला खूप बरं वाटलं. पदराचा रंग उडाला. बांगड्यांचा हिरवा गेला. हात पिंजल्यासारखे हलके झाले, आणि औषध वर चढत गेलं तसे ओठ बधिर झाले.

"थांबलं!" बाहेर हे आनंदाने म्हणाले. "बाईंचा हातगुण बघा! आता हा धागा ओढून घेऊ का?"

अजून वेळ झाली नव्हती. हात काढला तर झरा फुटणार होता. बाईंनी मान वळवून धागा दातांत पकडला. आता त्यांना बोलता येत नव्हतं, आणि मलाही.

"ओढू ना?" हे म्हणाले.

धागा ताठ झाला. दात आवळून, माझ्याकडे बघत, बाई थांबून राहिल्या.